पाहुण्याचा वाटा

१

डकारच्या उत्तरेला, नदीच्या मुखाशी वसलेल्या न्दार बेटावर दुपारचा नमाज आटोपला की तासाभरात घराघरांतून मासेभाताचा वास सुटतो आणि मग दारादारांतून एकच हाक येते, "या, जेवायला या!" रस्त्याने जाणारा ओळखीचा असो की परका, पाव विकणारा असो की पोलीस, परातीशी बसलेल्या माणसाच्या कानावर पावलं पडली की त्याने ही हाक द्यायचीच. जाणाऱ्यानेही छातीवर हात ठेवून म्हणायचं, "पोट भरलंय, देवाची कृपा," आणि पुढे व्हायचं. शंभरातले नव्वद पुढे होतात, म्हणून हाक द्यायला कुणाची जीभ अडखळत नाही, असं वाकड्या तोंडाचे लोक म्हणतात. पण उरलेले दहा येतात. त्यांच्यासाठी परातीत पाहुण्याचा वाटा आधीच राखलेला असतो.

रोखाया जोप हाक देण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. पंचेचाळिशीची, भरल्या अंगाची, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. नदीकाठच्या एका जुन्या फ्रेंच व्यापारी घराची राखण तिच्याकडे होती. वरच्या मुलखातून होड्यांनी येणारा बाभळीचा डिंक पूर्वी तिथे साठवत. खाली अंगणाभोवती सहा कोठारं, वर लाकडी जिना, सज्जा आणि राहायच्या खोल्या. डकारला राहणारे आताचे मालक तिथे हॉटेल काढायचं म्हणत होते. आठ वर्षं ते नुसतं म्हणतच होते. कोठारांना कुलपं होती, आणि किल्ल्या वर खुंटीवर गंजत लटकल्या होत्या.

आठ महिन्यांपूर्वी रोखायाने धाकट्या बहिणीला, जेनबाला, इथे आपल्याकडे आणलं. त्यानंतर तीनच महिन्यांत जेनबाची चार वर्षांची आवा तापाने गेली.

त्या दिवसापासून परात हलायला लागली. सगळे एकाच परातीतून जेवतात, तेव्हा तिची कड डाव्या हाताने धरून ठेवायचं काम घरातल्या सर्वांत लहान माणसाचं असतं. ते पहिलं शिक्षण. दुसरं म्हणजे नजर आपल्या घासावर ठेवायची, दुसऱ्याच्या हाताकडे बघायचं नाही. आणि तिसरं, पोट भरलं की उठायचं, रेंगाळायचं नाही. आवा पहिलं शिकली होती, तिसरं तिला कधी जमलं नाही. आता कड धरायला कुणी नव्हतं आणि जेनबा दोन घासांत उठत होती. दवाखान्यातल्या नर्सने वजनाचा काटा बघून स्पष्ट सांगितलं होतं, "अजून महिनाभर हे असंच चाललं तर हिला इथे ठेवून घ्यावं लागेल. आणि ही परत घरी येईल, असा शब्द मी देणार नाही."

म्हणून रोखाया रोज जीव ओतून रांधायची. त्या मंगळवारीही तिने मासा फोडून मोठा तुकडा जेनबाच्या पुढ्यात सरकवला. तेवढ्यात खाली अंगणातून पावलं गेली. अनवाणी, सावकाश, तीन-चार माणसांची असावीत. रोखायाने मान वर न करताच हाक दिली.

"या, जेवायला या!"

पावलं थांबली. हाक ऐकून माणसं थांबतात तशीच. पण "पोट भरलंय" असं कुणी म्हणालं नाही, आणि जिन्यावरही कुणी आलं नाही.

रस्त्यावरचं कुणीतरी असेल, जुनी घरं आवाज कुठूनही कुठे नेतात, असं म्हणत रोखायाने पुढचा घास घेतला. मग तिला आठवलं की थोरल्या दाराचा अडसर तिने सकाळी स्वतःच्या हाताने लावला होता.

२

घरासमोर बीराम न्जाय नावाचा म्हातारा शिंपी मशीन टाकून बसायचा. सगळे त्याला मानाने 'पा', म्हणजे बाबा, म्हणत. जोप आणि न्जाय ही आडनावं समोरासमोर आली की एकमेकांची टर उडवायचीच, ही तिथली पिढ्यांची रीत. त्यात राग मानणारा मूर्ख ठरतो.

"काय गं जोप," दुसऱ्या दिवशी रोखाया दारात आली तसा बीराम ओरडला, "काल वास आला, भात नाही आला! एकटीने सगळा हादडलास?"

"न्जायांना वासच पुरे, पा बीराम. भात दिला तर परातही चावून खाल."

"जोपांचं पोट म्हणजे तळ नसलेली होडी!"

यानंतर ठरलेलं पुढचं वाक्य असतं, "गप्प बस, माझी गुलाम तू!" बाजारात, धक्क्यावर, मशिदीबाहेर, बीरामने तिला ते शंभरदा ऐकवलं होतं, आणि तिनेही त्याला व्याजासकट परत केलं होतं. आज तो थांबला आणि मशीनला तेल घालू लागला. रोखायाच्या लक्षात आलं की ती या उंबऱ्यात उभी असताना तो हे वाक्य कधीच बोललेला नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

"पुढचं विसरलात का? वय झालं म्हणायचं."

"त्या दारात उभ्या असलेल्या कुणालाच मी तसं म्हणत नाही. माझे वडीलही म्हणत नसत."

"का?"

बीरामने कात्रीचं टोक वर केलं. कोठारांच्या रस्त्याकडच्या भिंतीत, खूप उंचावर, बोटभर रुंदीच्या फटी होत्या.

"त्या कशासाठी असतील?"

"हवेला. डिंक राहायचा ना आत."

"डिंक पोत्यात वर्षभर सुखाने पडून राहतो. त्याला कसली हवा लागते?" बीराम खाली बघत म्हणाला. "डिंकाच्या आधी तिथे ज्यांना कोंडून ठेवत, त्यांना लागायची. जहाज येईपर्यंत. कधी महिना, कधी तीन."

बेटावर हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. रोखाया आत जायला वळली. जाता जाता मात्र तिने उगाच विचारल्यासारखं विचारलं, "पा बीराम, हाक दिली आणि कुणी उत्तरच दिलं नाही, तर?"

"उत्तर दिलं नाही म्हणजे पोट भरलेलं नाही," म्हातारा म्हणाला. "मग पुढे वाढायचं. यात विचारायचं काय?"

३

त्यानंतरच्या आठवड्यात जेनबा बदलली. गालांवर काही चढलं नाही, पण डोळ्यांत उजेड आला. ती वेणी घालू लागली. दुपारी परात मांडली की छातीवर हात ठेवून हसून म्हणायची, "पोट भरलंय ताई, देवाची कृपा."

"कशाने भरलं? सकाळपासून चहाच्या घोटावर आहेस."

"भरलंय गं, खरंच."

रोखायाला आधी बरंच वाटलं. माणसाला आशेची खोटी नाणीही खरी वाटतात. शेजारीण काही देत असेल, बाजारात काही खात असेल, खाऊ दे बापडी, असं तिने स्वतःला समजावलं. मग एका दुपारी जेनबाचा उजवा हात तिने हातात घेतला, तर नखांच्या कडांना काहीतरी राखाडी वाळून चिकटलं होतं. तिने हुंगलं. उकडलेली बाजरी होती. मीठ नाही, दूध नाही, पाण्यात नुसती शिजवलेली. घरात बाजरीचा दाणा नव्हता.

सोमवारी दवाखान्यात जेनबा ताठ मानेने काट्यावर उभी राहिली. नर्सने काटा बघितला, तिला उतरवलं, पुन्हा चढवलं.

"तीन किलो उतरली," नर्स रोखायाला बाजूला घेऊन म्हणाली. "पंधरा दिवसांत! ही नक्की खातेय का?"

"म्हणते तरी, पोट भरलंय."

"गुरुवारपर्यंत बघते. मग ठेवून घेते."

परतीच्या वाटेवर, पुलावरून चालताना, जेनबा गुणगुणत होती. उपाशी माणूस रडलं तर समजतं. उपाशी माणूस तृप्त दिसतं तेव्हा कुणाला विचारावं, हे रोखायाला कळत नव्हतं.

४

मंगळवारी तिने भात चुलीवर ठेवला आणि नमाजाला बसल्यासारखं करून कान उघडे ठेवले. जिन्याच्या पायऱ्या वाजल्या. जेनबा खाली गेली होती.

रोखाया सज्ज्याच्या कठड्याशी आली. अंगणात ऊन असं पडलं होतं की सावलीला जागाच नव्हती. तिसऱ्या कोठाराच्या दाराशी, उंबऱ्याला लागून, जेनबा मांडी घालून बसली होती. दार बंद होतं, कुलूप जागच्या जागी होतं. जेनबाची नजर खाली होती. उजवा हात जमिनीशी जायचा, बोटांनी गोळा वळायचा आणि पुढे, जरा डावीकडे, कुणाच्या तरी तोंडाच्या उंचीवर थांबायचा. पुन्हा खाली जायचा. चौथ्या-पाचव्या वेळी तो तिच्या स्वतःच्या तोंडाकडे यायचा, आणि मग ती चावायची, गिळायची.

आणि आवाज येत होता. रोखायाने तो नंतर कुणालाही नीट सांगितला नाही. पुष्कळ माणसं न बोलता जेवत असली की जो आवाज होतो, तोच. तो दाराच्या आतून येत होता.

ती जिना कशी उतरली ते तिला आठवत नाही. तिने जेनबाच्या खांद्याला हात लावला तसा तो आवाज थांबला.

"हे काय चाललंय, जेनबा?"

"त्यांनी बोलावलं," जेनबा सहज म्हणाली. "तू त्यांना बोलावलंस ना त्या दिवशी? मग त्यांनी उलट बोलावलं. आपण नाही का शेजाऱ्याचं खाल्लं की त्याला बोलावत!"

"पण त्यांनी आपलं काही खाल्लं कुठे?"

"नाही ना खाल्लं," जेनबा म्हणाली. "ते वाट बघत राहिले. वर या असं कुणी म्हटलं नाही, दार कुणी उघडलं नाही. तरी हाक आली म्हणून त्यांच्याकडे जे होतं ते पुढे केलं. नाही कसं म्हणू, ताई? त्यांनी सरकून सरकून माझ्यासाठी जागा केलीय. आणि एक लहान पोर आहे. कड धरून बसते आणि तिचं खायचंच राहतं. मी भरवते तिला."

"ती आवा नाही, जेनबा."

"मला ठाऊक आहे." जेनबाने पहिल्यांदा वर बघितलं. तिचे डोळे शांत होते, आणि त्याचीच रोखायाला जास्त भीती वाटली. "ती दुसऱ्या कुणाची तरी आहे. तिची आई आधीच्या जहाजातून गेली."

रोखाया तिच्या शेजारी बसली. भीती होती, पण भीतीच्या वर चढून बसली होती ती लाज. तिच्या आईच्या उंबऱ्यातून कधी कुणी विन्मुख गेलं नव्हतं, आणि तिने मात्र पाहुण्यांना बोलावून पंधरा दिवस दाराआड ताटकळत ठेवलं होतं. आणि त्या पाहुण्यांनी, ज्यांच्याकडे पाण्यात उकडलेल्या बाजरीशिवाय काही नव्हतं, त्यातलाही वाटा तिच्या बहिणीपुढे केला होता. त्या अन्नाने जेनबा जगणार नव्हती. पण ते काही वाईट मनाने वाढलेलं नव्हतं.

"ऊठ," ती म्हणाली. "आज तेवढं पुरे कर. उद्या त्यांचं जेवण आपल्याकडे आहे."

५

बुधवारी पहाटेच ती धक्क्यावर गेली आणि सर्वांत मोठे मासे घेऊन आली. लग्नघरातली कढई मागून आणली. जेनबाला तिने कांदे चिरायला बसवलं आणि तोंडाने सारखं खेकसत राहिली. अकराच्या सुमाराला तिने खुंटीवरची किल्ली घेतली आणि तिसऱ्या कोठाराच्या कुलपाला लावली. ती फिरेना. तिने रस्त्यावर जाऊन बीरामला सगळं सांगितलं. म्हातारा हसला नाही, वेड लागलं का असंही म्हणाला नाही. मशीनच्या तेलाची कुपी घेऊन तो उठला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने तो उंबरा ओलांडला.

तेल मुरायला वेळ लागला. मग कुलूप निघालं.

आत काहीच नव्हतं. लांबट खोली, दगडी फरशी, वरच्या फटींतून उतरलेल्या उजेडाच्या चार पट्ट्या. दार इतकं बुटकं की बीरामला वाकावं लागलं. भिंतींवर, माणूस बसला की पाठ टेकेल तितक्या उंचीवर, दगड गुळगुळीत झाला होता. सलग, चारही बाजूंनी. रोखायाने त्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला. दगड कोमट होता. ऊन तर तिथवर पोचत नव्हतं.

"थोरलं दारही उघडा, पा बीराम," ती म्हणाली. "दोन्ही फळ्या. जेवल्यावर पाहुण्यांना जाता आलं पाहिजे."

नमाज झाला. वर सज्ज्यात चटई पसरली, मधोमध परात ठेवली. भात तांबूस, मोकळा, वर मासे, गाजर, कोबी, वांगी. रोखाया जिन्याच्या माथ्यावर उभी राहिली. तिने डोक्यावरचं फडकं नीट केलं, आणि घरची मालकीण ज्या आवाजात बोलावते त्या आवाजात, खालच्या उघड्या दाराकडे तोंड करून म्हणाली,

"उशीर झाला, माफ करा. वर या. सगळ्यांनी या. जेवायला या."

नदीवर कुणाच्या तरी मोटरहोडीचा आवाज आला आणि गेला.

मग सर्वांत खालची पायरी वाजली.

६

"खाली बघा," रोखाया परातीशी बसत कुजबुजली. "घासावर नजर ठेवा. कुणी वर बघायचं नाही."

जिना वाजतच राहिला. अनवाणी पावलं, जड, हलकी, म्हाताऱ्या माणसाची फरपटती, दोन पायऱ्यांमध्ये दम घेणारी. तिने मोजायचं ठरवलं होतं. साठाच्या पुढे तिने मोजणं सोडून दिलं. सज्जा जेमतेम वीस माणसांचा, पण कुणाचा धक्का लागला नाही, कुणी दाटी केली नाही. फक्त ऊन कमी कमी होत गेलं, चारही बाजूंनी कुणी बसत गेल्यावर होतं तसं. बीराम ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटत होता.

"बिस्मिल्ला," रोखाया म्हणाली, आणि परातीच्या मध्यावर हात घालून तिने मासा फोडला.

मध्यावरचा मासा पाहुण्याने घ्यायचा नसतो. मालकिणीने तुकडे करून ज्याच्या त्याच्या पुढ्यात टाकायचे असतात. ती टाकत गेली. एक, दुसरा, तिसरा. टाकलेला तुकडा खाली पडल्याचा आवाज येत नव्हता. मासा संपेल म्हणून ती सारखी मध्यावर हात घालायची, आणि दर वेळी बोटांना मासा लागायचा. तिचा खांदा भरून आला, बोटं चटचटली, तरी ती थांबली नाही. इतकी भूक जगात एका जागी असू शकते, हे तिला त्या दुपारी कळलं. आणि त्या भुकेत कुणी ओरबाडलं नाही, कुणी दुसऱ्याच्या पुढ्यातलं ओढलं नाही. तिचे डोळे भरून आले आणि पाणी गालांवरून भातात पडत राहिलं.

एकदाच, डोळे पुसायला हात वर नेताना, तिला परातीची कड दिसली. कडेवर बोटं होती. एकाला एक लागून, पूर्ण गोल, मागून आणखी, खांद्यांवरून पुढे आलेली आणखी. वाळलेली, लांब, मध्ये अंगठीचीही जागा नसलेली. आणि जेनबाच्या डावीकडे एक छोटा डावा हात होता, कड घट्ट धरलेला. परात जराही हलत नव्हती. रोखायाने नजर खाली केली ती पाहुणे उठेपर्यंत पुन्हा उचलली नाही.

तिसऱ्या प्रहराची अजान झाली तेव्हा माणसं उठू लागली. भरल्या पोटाचं माणूस जसं उठतं तशी, सावकाश, जरा जड. जिना उतरून, अंगण ओलांडून, उघड्या थोरल्या दाराने बाहेर. रस्त्यावर नमाजाला निघालेले लोक दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागून उभे राहिले आणि वाट देत राहिले. आपण का थांबलो, हे त्यांच्यातल्या कुणालाच पुढे सांगता आलं नाही.

शेवटी सज्ज्यात ऊन परत आलं. कडेवर एकच हात उरला होता. जेनबा काटे काढून, गोळा वळून त्या बाजूला नेत होती. पुन्हा पुन्हा नेत होती.

"पुरे झालं तिला," रोखाया हळूच म्हणाली.

"अजून एक घास."

"जेनबा, तिचं पोट भरलंय. ती तुझ्यासाठी थांबलीय. तू घास घेत नाहीस तोवर ती कशी उठेल?"

जेनबाचा हात मध्येच थांबला. त्या गोळ्याकडे जेनबा खूप वेळ बघत राहिली. मग तिने तो स्वतःच्या तोंडात घातला. चावला. तिचा चेहरा वेडावाकडा झाला, पण तिने गिळला. दुसरा घेतला.

छोटा हात कडेवरून सुटला. परात किंचित डुगडुगली. जिन्यावर लहान पावलं पळत गेली.

"ताई, रस्ता तापलाय," जेनबा अर्धवट उठत ओरडली. "ती अनवाणी आहे!"

रोखायाने तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. इतक्या जोरात की वळ उठले आणि ते आठवडाभर राहिले. "तिच्याबरोबर तिची माणसं आहेत," ती म्हणाली. "पुष्कळ आहेत. तू बस. कढईत खरवड आहे. ती कोण खाणार?"

खालचं दार वाऱ्याने वाजलं. जेनबा हुंदके देत बसली. बीराम उठला, कढई खरवडून करपलेल्या भाताच्या पापुद्र्याचा मोठा तुकडा त्याने तिच्या हातात दिला, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "खा गं जोप. नाहीतर मी खातो, आणि मग न्जाय खादाड म्हणून बोंबलत फिराल दोघी."

तिने खाल्ला.

७

गुरुवारी नर्सने काटा बघितला, मान हलवली आणि म्हणाली, पुढच्या गुरुवारी बघू. रोखायाने एवढ्यावरच तिला दोन्ही हातांनी आशीर्वाद दिले.

दुपारी परातीशी तिघं होती, कारण बीराम आता फुकटचं सोडायला तयार नव्हता. परात हलत होती. जेनबाने डाव्या हाताने कड धरली आणि खाली मान घालून जेवू लागली. खाली अंगण रिकामं होतं. तिसऱ्या कोठाराचं दार उघडंच होतं.

पावलं वाजली की नाही, यावर रोखाया आणि बीराम अजून भांडतात. पण जेनबाने, सवयीने, मान वर न करता हाक दिली. "या, जेवायला या!"

रोखायाचा घास हातातच राहिला. बीरामने डोळे मिटले.

दूरवरून, नदीच्या बाजूने, एका लहान मुलीचा आवाज आला. कुणीतरी नुकतंच शिकवलेलं वाक्य घाईघाईने म्हणावं तसा.

"पोट भरलंय, देवाची कृपा!"

जेनबाने वर बघितलं नाही. तिने कड जरा घट्ट धरली आणि मोठा घास घेतला.